डब्याची पाठ वाचा

वाचकहो, 'साखर' हा शब्द आता तुम्हांला वाचता येतो. ज्या घरात कुणाला मधुमेह आहे, त्या घरी हा शब्द वाचता येणे फार मोलाचे आहे. कसे, ते पाहू.

बाजारात 'पीनट बटर' नावाचा डबा मिळतो. नावात बटर आहे, पण त्यात दुधाचा थेंब नसतो. भाजलेले शेंगदाणे खूप वाटले, की त्यांचे तेल सुटते आणि लोण्यासारखा मऊ गोळा होतो. तेच हे पीनट बटर. सोलापूरची शेंगाचटणी तेल सुटेपर्यंत कुटतात, तसेच हे.

मधुमेहात रक्तातील साखर वाढते. भात, भाकरी, पोळी यांची पोटात साखर होते. गूळ-साखर तर लगेच रक्तात जाते. शेंगदाण्याचे तसे नाही. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि जवळजवळ निम्मे तेल असते. पिठूळ भाग थोडा असतो. म्हणून नुसत्या दाण्याने रक्तातील साखर फारशी चढत नाही.

मग घोटाळा कुठे होतो? पुष्कळ कारखाने दाण्यांत साखर घालतात. मुलगा शहरातून डबा आणतो. म्हणतो, "आई, हे दाण्याचंच आहे. बिनघोर खा." आई रोज खाते, आणि साखर वाढत जाते. यात दोष मुलाच्या मायेचा नाही, दाण्याचाही नाही. डब्याची पाठ कुणी वाचली नाही, एवढेच.

डब्याच्या पुढे मोठी अक्षरे असतात. ती विकण्यासाठी असतात. खरी माहिती मागे, बारीक अक्षरांत असते. तिथे दोन गोष्टी पाहा.

पहिली, घटकांची यादी. तिला इंग्रजीत 'इन्ग्रेडियंट्स' म्हणतात. जो पदार्थ वजनाने जास्त, त्याचे नाव आधी लिहावे, असा नियम आहे. यादीत फक्त शेंगदाणे असावेत, फार तर थोडे मीठ. साखरेची नावे अनेक आहेत. शुगर, जॅगरी म्हणजे गूळ, हनी म्हणजे मध, ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, सिरप. 'गुळाचे आहे, म्हणजे चालते' असे समजू नका. गूळ आणि मधसुद्धा रक्तातील साखर वाढवतात.

दुसरी, आकड्यांचा तक्ता. त्यात 'ॲडेड शुगर' म्हणजे वरून घातलेली साखर. तिथे शून्य हवे. 'टोटल शुगर' म्हणजे एकूण साखर. ती शून्य नसली तरी घाबरू नका. दाण्यात मुळातच थोडी साखर असते, १०० ग्रॅममध्ये सुमारे ४ ते ५ ग्रॅम.

आता हिशेब करू. समजा, १०० ग्रॅममध्ये घातलेली साखर २० ग्रॅम आहे. दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे ३० ग्रॅम. त्यांतून ६ ग्रॅम साखर पोटात गेली. म्हणजे चहाचा दीड चमचा!

डब्यावर मराठी नसेल, तर शाळेत जाणाऱ्या नातवाला किंवा नातीला वाचायला सांगा. दुकानदाराला विचारा. पैसे आपले आहेत. विचारण्यात लाज कसली?

डब्यात वर तेल तरंगत असेल, तर तो खराब झाला असे नाही. चमच्याने ढवळून घ्यावे.

डबा घेतलाच पाहिजे असेही नाही. दाणे मंद आचेवर भाजा, साले काढा, आणि तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये वाटा. पाणी घालू नका. कोरड्या बरणीत भरा. बुरशी आलेले, काळे पडलेले, खवट दाणे आधीच टाकून द्या. बुरशीचे विष भाजल्याने जात नाही.

साखर नाही म्हणून वाटीभर खाऊ नये. दोन मोठ्या चमच्यांतून सुमारे १९० कॅलरी मिळतात. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून जवळपास तेवढ्याच मिळतात. वजन वाढले, की मधुमेह आवरणे कठीण जाते. भाकरीला चमचाभर लावावे, ते पुरे. औषधे मात्र चालूच ठेवावीत. ज्यांना दाणे बाधतात, त्यांनी ते खाऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. मधुमेहाच्या औषधाने कधी साखर एकदम उतरते. हातपाय थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. माणूस शुद्धीवर असेल, तर त्या वेळी दाणे देऊ नका. तेलामुळे साखर रक्तात जायला उशीर लागतो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजा. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काही घालू नका. तडक दवाखान्यात न्या.

उत्तरे सांगा

१. घटकांच्या यादीत कोणते नाव आधी येते?
२. साखरेची आणखी तीन नावे कोणती?
३. साखर एकदम उतरली, तर काय पाजावे?
४. घरातला एखादा डबा घ्या. त्याची पाठ वाचा. काय आढळले, ते वर्गात सांगा.