पोलादावरची बनावट अक्षरे

जुनी लष्करी रायफल हे शस्त्र असते, तसाच तो एक दस्तऐवजही असतो. तिच्या पोलादावर आणि लाकडावर राजमुकुट, राज्यकर्त्याची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल, नमुन्याचा क्रमांक, तपासनिसांचे बारीक ठसे, पलटणीची खूण असे बरेच काही ठोकलेले असते. संग्राहक पैसे मोजतो ते बहुतांशी या मजकुराचे, आणि म्हणून बनावटही मजकुराचीच होते. मला बंदुकीपेक्षा हा मजकूर वाचण्यात अधिक रस आहे. त्यासाठी ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री आणि ली-एनफील्ड या रायफली मी निवडतो. दोन्ही हिंदुस्थानात वापरल्या गेल्या. ली-एनफील्डची ३०३ ची काडतुसे तर आपल्या खडकीच्या कारखान्यातही तयार होत.

पहिली परीक्षा काळाची. मराठ्यांच्या इतिहासाचे वाचक ती जाणतातच. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव असे. थोरल्या माधवरावांच्या पत्रावर शाहू महाराजांच्या नावाचा शिक्का दिसला, तर अभ्यासक तिथेच थबकेल. रायफलीचेही तसेच. मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया. ती २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. पुढे सातव्या एडवर्डसाठी ‘ई. आर.’ आणि पाचव्या जॉर्जसाठी ‘जी. आर.’ ही अक्षरे आली. मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ आणि त्याखाली १९०७ साल असेल, तर तो ठसा खोटा. आखूड ली-एनफील्डला मंजुरीच मुळी राणीच्या मृत्यूनंतर मिळाली, त्यामुळे जुन्या लांब रायफलीपासून न बदललेल्या, नव्यानेच बनवलेल्या आखूड रायफलीवर ‘व्ही. आर.’ असण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र अर्धवट माहितीने खऱ्यालाही खोटे ठरवले जाते. बंगालमधल्या इशापूर कारखान्याच्या रायफलींवर ‘जी. आर. आय.’ अशी तीन अक्षरे आढळतात. ती चूक नव्हे. शेवटचे अक्षर ‘सम्राट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे आहे.

काळाच्या परीक्षेत नापास होणाऱ्या अनेक रायफली पेशावरच्या दक्षिणेला असलेल्या दर्रा आदमखेल आणि खैबरच्या परिसरातल्या आहेत. तिथले कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून साध्या हत्यारांनी ब्रिटिश रायफलींच्या हुबेहूब नकला करीत आले. ज्याला रोमन लिपी वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने ‘एनफील्ड’ हा शब्द म्हणजे एक नक्षी. त्यामुळे ‘एन’ हे अक्षर आरशात दिसावे तसे उलटे पडते, एखादे अक्षर गळते, ओळ वर-खाली होते. या कारागिराला मी खोटारडा म्हणणार नाही. त्याचे गिऱ्हाईक डोंगरातला पठाण होता, संग्राहक नव्हे. पुढे परदेशी सैनिक आठवण म्हणून जुन्या रायफली घेऊ लागले. अमेरिकेच्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र पुराणवस्तू ठरते, त्यामुळे नव्या मालावर जुनी साले उमटू लागली. तिथे हेतू बदलला.

दुसरी परीक्षा ठशाच्या अंगाची. कारखान्यात पोलादी ठसा एका घावात बसे. त्याने धातू दबतो आणि कडेला किंचित उचलला जातो. त्यानंतर बहुतेक वेळा घासकाम होऊन निळसर-काळा मुलामा चढे. म्हणून अस्सल अक्षराच्या तळाशीही मुलामा सापडतो. मुलाम्यानंतर ठोकलेल्या अक्षराच्या कडा चमकतात. हाताने कोरलेल्या रेषेत छिन्नीचे टप्पे दिसतात. एकच अक्षर दोनदा आले तर ते दोन ठिकाणी वेगळे भरते. लाकडावर ठशाखाली तंतू दबलेले असतात आणि वर्षानुवर्षांचे तेल व मळ त्यात मुरलेला असतो. लाकूड घासून गुळगुळीत झालेले असून त्यावरचे अक्षर मात्र धारदार असेल, तर अक्षर नंतरचे.

तिसरी परीक्षा ठशांच्या आपसातल्या मेळाची. नळी, बोल्ट यांवरचे क्रमांक जुळले की किंमत वाढते. म्हणून जुना क्रमांक कानशीने घालवून नवा ठोकतात. तिथला पृष्ठभाग किंचित खोलगट होतो. तिरप्या उजेडात तो लगेच कळतो. सैन्यातला दुरुस्ती करणारा मात्र जुन्या क्रमांकावर सरळ रेघ मारून शेजारी नवा ठोकत असे. त्याला लपवायचे काहीच नव्हते. सैन्याने विकून टाकलेल्या मालावर दोन बाण टोकाला टोक लावून मारलेले असतात. अशा खाडाखोडी पाहून नवखा ग्राहक नाक मुरडतो. मला त्या भरवशाच्या वाटतात.

सर्वांत अवघड बनावट वेगळीच. तिच्यात रायफल अस्सल असते, खोटी फक्त पलटणीची खूण. २२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वाना येथे झुलूंनी ब्रिटिशांचा धुव्वा उडवला. तिथे कामी आलेल्या २४ व्या पायदळ पलटणीची खूण मार्टिनी-हेन्रीवर असली की भाव चढतो. म्हणजे साध्या रायफलीवर दोन अंक ठोकले की काम झाले. इथे लिपी कळून भागत नाही. १८८१ च्या फेररचनेत या पलटणीला ‘साउथ वेल्स बॉर्डरर्स’ हे नाव मिळाले. तेव्हा १८८६ साली बनलेल्या रायफलीवरचा ‘२४’ इसांडल्वानाचा असूच शकत नाही.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. एक कारण जिवाचे आहे. नळीवरचा परीक्षेचा ठसा सांगतो, की ती नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार झाडून तपासली आहे. नक्कल करणारा हा ठसाही उतरवतो. परीक्षा मात्र झालेली नसते. त्यावर विसंबून कोणी बार उडवला तर नळी हातात फुटू शकते. दुसरे कारण इतिहासाचे. खोट्या खुणेची रायफल संग्रहालयात मांडली गेली, की पुढचा अभ्यासक तिचा पुरावा म्हणून हवाला देतो, आणि जी पलटण तिथे नव्हती ती तिथे होती असे ग्रंथात छापले जाते. विकत घेणाऱ्याचे पैसे बुडतात तेवढ्यावर हे नुकसान थांबत नाही. म्हणून रायफल हाती आली, की तिची कहाणी ऐकण्याआधी भिंग आणि दिवा घेऊन मजकूर वाचावा, आणि साल, राजा, कारखाना व पलटण या चौघांची साक्ष एकमेकांशी ताडून पाहावी.