भागिले पाच पुरत नाही

दापोलीजवळच्या मुरूडला आम्ही पाच मैत्रिणी दोन रात्री राहून आलो. एकूण खर्च १८,६०० रुपये. भागिले पाच, म्हणजे प्रत्येकी ३,७२०. गणित म्हणून यात खोट नाही. पण आमच्यातल्या एकीला रजा मिळाली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी एसटीने आली, एकच रात्र राहिली, आणि मासे ती खात नाही. तिनेही ३,७२० द्यायचे? विचारलं असतं तर ती "असू दे गं, चालतंय की" म्हणाली असती. हे 'चालतंय की' पुढे महाग पडतं. माणूस मुकाट्याने पैसे देतो आणि पुढच्या सहलीला घरी पाहुणे येतात.

मी मूळची कोल्हापूरची, पुण्यात एका पतसंस्थेत हिशेब बघते. त्यामुळे कुठेही गेलं की वही आपोआप माझ्याकडे येते. आमच्याकडे दोन नोंदी महत्त्वाच्या. किर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरतो. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या नावावर जातो. सहलीला जाणारे बहुतेक गट किर्द लिहितात. डिझेल इतकं, खोली इतकी, जेवण इतकं. खतावणी मात्र कुणी करत नाही, तिच्या जागी भागाकार होतो. कुरबुर सुरू होते ती इथून.

मुरूडची खतावणी अशी झाली. खोल्या दोन, एका रात्रीचे मिळून ५,०००. पहिल्या रात्री चौघी, म्हणजे प्रत्येकी १,२५०; दुसऱ्या रात्री पाच जणी, म्हणजे १,०००. डिझेल २,४०० चं. जाताना गाडीत चौघी, प्रत्येकी ३००; येताना पाच, प्रत्येकी २४०. खाण्याचे ६,२००. त्यात सुरमई-पापलेटवर ताव मारणाऱ्या तिघींचे प्रत्येकी १,६००, वरणभातवालीचे ९००, उशिरा आलेलीचे ५००. बेरीज केली तर मासेवाल्या तिघींवर प्रत्येकी ४,३९०, वरणभातवालीवर ३,६९० आणि उशिरा आलेलीवर १,७४०.

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. सरसकट भागाकाराने उशिरा आलेलीकडून दुपटीहून जास्त पैसे घेतले गेले असते. आणि जिच्याबद्दल सगळ्यांना वाटत होतं की हिच्यावर अन्याय होतोय, त्या वरणभातवालीचा फरक निघाला अवघा ३० रुपये. माशांचे पैसे तिचे वाचले, पण उशिरा आलेलीला जी सूट मिळाली तिचा भार उरलेल्या चौघींवर आला, आणि त्यात हीही होती. कोणावर अन्याय होतोय हे अंदाजाने सांगू नये, वही काढावी.

सरसकट वाटणीचा दुसरा दोष असा, की ती मुळात खर्चच वाढवते. समजा सहा जण हॉटेलात बसलेत आणि बिल सारखं वाटायचं ठरलंय. मी ३०० रुपयांची एक डिश जादा मागवली तर माझ्या खिशातून जाणार ५०. बाकीचे २५० इतर पाच जणांचे. प्रत्येकाच्या डोक्यात हेच गणित असतं, म्हणून प्रत्येक जण थोडं जास्त मागवतो. उरी ग्नीझी, एर्नान हारुवी आणि हदास याफे या अभ्यासकांनी इस्रायलमधल्या हैफा शहरात प्रत्यक्ष रेस्टॉरंटमध्ये हा प्रयोग केला. त्यांचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. एकमेकांना न ओळखणाऱ्या सहा-सहा जणांचे गट बसवले. ज्याने त्याने आपापले पैसे द्यायचे होते तिथे माणशी सरासरी ३७ शेकेलचं खाणं झालं. बिल सारखं वाटायचं होतं तिथे सुमारे ५१ शेकेलचं. आणि पैसे प्रयोग करणारेच देणार होते तिथे ८२. गंमत म्हणजे आधी विचारलं तेव्हा बहुतेकांची पसंती आपापलं बिल आपण देण्यालाच होती. आपल्याकडच्या टीटीएमएमला, म्हणजे 'तुझं तू, माझं मी'ला, कंजूष म्हणून हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

अर्थात ते लोक अनोळखी होते. मैत्रीत खादाडीला लाज आवर घालते. पण तीच लाज कमी खाणाऱ्याचंही तोंड बंद ठेवते. म्हणून आमच्या गटात दारूचं बिल पहिल्यापासून वेगळं मागवलं जातं. ज्या घेतात त्या देतात, विषय संपला.

काही खर्च असे असतात की कोण किती 'खातं' ते ताटात दिसत नाही. रिक्षा घ्या. रात्री स्वारगेटला उतरून तिघी एकाच रिक्षाने निघालो. दांडेकर पुलापाशी एक उतरली तेव्हा मीटरवर ४५ रुपये होते, आनंदनगरला दुसरी उतरली तेव्हा १०५, आणि मी धायरी फाट्याला उतरले तेव्हा १६५. तिघींनी ५५-५५ द्यायचे म्हणजे पहिलीने एकटीच्या भाड्यापेक्षाही जास्त द्यायचे. सरळ रीत अशी की प्रत्येक टप्पा त्या टप्प्यात बसलेल्यांनी वाटून घ्यावा. पहिले ४५ तिघींत, म्हणजे १५-१५. पुढचे ६० दोघींत, ३०-३०. शेवटचे ६० माझे एकटीचे. पहिलीचे १५, दुसरीचे ४५, माझे १०५. प्रत्येकीला एकटीने जाण्यापेक्षा स्वस्तच पडलं.

ही काही माझी युक्ती नव्हे. गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी १९५३ साली सामायिक कामातला प्रत्येकाचा वाटा ठरवण्याची रीत मांडली; २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या दोघांत ते होते. १९७३ साली लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी ती रीत विमानतळाच्या धावपट्टीला लावून पाहिली. छोट्या विमानाला आखूड पट्टी पुरते, मोठ्याला लांब लागते. मग लांबीचा खर्च छोट्याने का सोसावा? उत्तर रिक्षासारखंच निघालं. जितका तुकडा वापरता, तितक्याच तुकड्याच्या खर्चात वाटा.

खोल्यांचं त्रांगडं आणखी निराळं. माझी भाची कोथरूडला आणखी दोघींबरोबर ३०,००० भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. बाल्कनीची खोली तिघींनाही हवी, स्वयंपाकघराला लागून असलेली अंधारी कोणालाच नको. मी सांगितलं, भाडं १०,००० पासून सुरू करा. सगळ्या एकाच खोलीवर बोट ठेवतायत तर तिचं भाडं वाढवा, उरलेल्या दोन्हींचं तेवढंच मिळून कमी करा, आणि पुन्हा विचारा. १२,५००, ९,५०० आणि ८,००० वर आल्यावर तिघींनी तीन वेगळ्या खोल्या निवडल्या. अंधारी खोली घेणारी सगळ्यांत खूश होती, कारण ती दिवसभर ऑफिसातच असते. काही साध्या अटींवर असा भाव नेहमी सापडतोच, हे फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९ साली सिद्ध करून दाखवलं आहे. कामाच्या मावशींचा पगार आणि वायफाय मात्र त्या तिघी सारखंच वाटतात. कोणी किती इंटरनेट वापरलं हे मोजत बसण्याने घर चालत नाही.

आता फेडाफेडी. मुरूडला खोल्यांचे पैसे एका मासेवालीने भरले, डिझेलचे दुसऱ्या मासेवालीने, म्हणजे गाडीवालीने, आणि खाण्याचे वरणभातवालीने. एकेका बिलाचे पैसे बाकी चौघींनी परत करायचे म्हटलं तर बारा वेळा फोन काढावा लागतो. त्याऐवजी प्रत्येकीने दिलेल्या पैशांतून तिचा वाटा वजा करायचा. खोल्यांवालीचं येणं ५,६१०, वरणभातवालीचं २,५१०. गाडीवालीचं देणं १,९९०, काहीच न भरलेल्या मासेवालीचं ४,३९०, उशिरा आलेलीचं १,७४०. येणं आणि देणं दोन्हीकडे ८,१२०, तेरीज जुळली. मग मासेवालीने आपले सगळे खोल्यांवालीला दिले, गाडीवालीने खोल्यांवालीला १,२२० आणि वरणभातवालीला ७७०, आणि उशिरा आलेलीने आपले सगळे वरणभातवालीला. चार व्यवहारांत काम झालं. गट कितीही मोठा असो, असं केल्यास माणसांच्या संख्येपेक्षा निदान एक तरी व्यवहार कमीच लागतो. २०११ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं स्प्लिटवाइजसारखं ॲप हेच करून देतं, आणि २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून ७७० रुपयांसाठी सुट्ट्यांची सबबही उरलेली नाही.

पण ॲपला एक खर्च दिसत नाही, कारण त्याचं बिलच नसतं. गाडीचे टायर झिजतात, सर्व्हिसिंग लवकर येतं, आणि ताम्हिणी घाटातून गाडी चालवणारी खिडकीबाहेर बघू शकत नाही. म्हणून पुढच्या सहलीपासून गाडीवालीला डिझेलचा वाटा नाही, असं आम्ही ठरवलं आहे. बिल भरण्याच्या वेळी हे निघालं असतं तर ते गाडीवालीचं मागणं झालं असतं. निघण्याआधी ठरलं, म्हणून तो नियम झाला.

मला सांगायचं आहे ते एवढंच. वाटणीची कोणतीही रीत खर्चाआधी सुचवली तर ती रीत असते. खर्चानंतर सुचवली तर ती तक्रार असते. उशिरा येणारीचं काय, ऐन वेळी रद्द करणारीने खोलीचे पैसे द्यायचे का, चहा-भजी वहीत लिहायची की सोडून द्यायची, हे सारं आधी बोलता येतं, कारण तेव्हा आपण कोणत्या बाजूला असू हे कोणालाच ठाऊक नसतं. आमच्याकडे चहा-भजी सोडून दिली जाते. ऐन वेळी रद्द करणारी खोलीचा वाटा देते.

सगळ्यांत अवघड प्रश्न ऐपतीचा. एकीची नोकरी गेलेली असते, एकीच्या मुलाची फी भरायची असते. तिला नंतर सूट देणं म्हणजे तिला सर्वांसमोर उभं करणं. म्हणून जागा निवडण्याआधी प्रत्येकीने आपल्याला झेपणारा आकडा फक्त मला कळवायचा, आणि सर्वांत कमी आकड्यात बसेल तीच सहल ठरवायची. या खेपेला तारकर्लीला जायचं आहे. सर्वांत कमी आकडा आला ४,०००. एसी खोली बाद, एसटीचं आरक्षण पक्कं. आकडा कुणाचा होता ते मी ना किर्दीत लिहिलं, ना खतावणीत.