आठवीपर्यंत परीक्षा नसते?

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. अकोल्यातल्या पालकांच्या बोलण्यात तेव्हा एक वाक्य हमखास येते: ‘आठवीपर्यंत परीक्षाच नसते.’ हा समज चुकीचा आहे.

महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन (वर्षभर, सर्व अंगांनी पाहणी) लागू आहे. त्याचे दोन भाग आहेत. आकारिक (शिकत असताना होणारे) मूल्यमापन तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, छोट्या चाचण्या, वर्गकार्य यांतून होते. संकलित (सत्राच्या अखेरचे) मूल्यमापन सत्र संपल्यावर. पाचवी-सहावीत दोन्हींचा भार 50-50 टक्के ठरवला गेला. सातवी-आठवीत आकारिकाचा 40 आणि संकलिताचा 60.

कापूस पिकवणारा शेतकरी थेट वेचणीलाच पऱ्हाटी पाहत नाही. पात्या, फुले, बोंडअळी पाहून तो डवरणी किंवा फवारणी वेळेवर ठरवतो. आकारिक नोंदींचे काम तेच: अपूर्णांक अडले, तर ते ऑगस्टमध्येच कळावे.

गैरसमजाला कारण आहे. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली होती; मूल्यमापन मात्र सुरूच राहिले. 2019 ची कायदा दुरुस्ती आणि राज्याचा 2023 चा निर्णय यांनंतर पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आहे. अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते. त्या परीक्षेतही तो अनुत्तीर्ण झाला, तर त्याच वर्गात राहतो.

प्रकल्प पालकांनीच करून दिला, तर मुलाची अडचण शिक्षकांना दिसत नाही. पालकसभेत गुणांसोबत वर्णनात्मक नोंदीही मागून वाचाव्यात.