डावीकडे वळताना चाकं उजवीकडे का?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं नॉक्सव्हिल म्हणजे स्प्रिंट कार या हलक्या, ताकदवान गाड्यांच्या शर्यतींची पंढरी. तिथली नॅशनल्स ही शर्यत १९६१ साली सुरू झाली. अर्ध्या मैलाच्या त्या मातीच्या ट्रॅकवर गाड्या डावीकडे वळतात, पण पुढची चाकं चक्क उजवीकडे वळवलेली असतात. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा मोठं असतं आणि दोन्ही एकाच सलग आसावर घट्ट बसवलेली असतात. त्यामुळे घरंगळणारा निमुळता पेला जसा गोल फिरतो, तशी गाडी आपसूक डावीकडे ओढली जाते. त्यातून ताकद सुमारे ९०० अश्वशक्ती आणि वजन चालकासह जेमतेम साडेसहाशे किलो! ॲक्सिलरेटर दाबला की मागची बाजू बाहेर फेकली जाते. ती गिरकी आवरायला स्टिअरिंग उलट फिरवावं लागतं.

घसरण्यात वेग वाया जातो, हा आक्षेप डांबरी रस्त्यावर खराच आहे. ओल्या चिकणमातीत मात्र टायरच्या कडा रुततात, आडवी सरकणारी चाकं मातीवर रेटा देतात आणि त्या रेट्यावरच गाडी वळते. गाडीच्या डोक्यावर बसवलेल्या पंखाच्या उभ्या फळ्यांवर तिरका वारा आदळतो, तोही तिला आतच ढकलतो. पुढे माती वाळून गुळगुळीत झाली, की फार घसरणारा मागे पडतो. म्हणून मुरलेले चालक ओल शोधत थेट ट्रॅकच्या बाहेरच्या कठड्यालगत गाडी नेतात.