घरातला शोक रंगमंचावर

घडलेली घटना ज्यांनी सोसली, त्यांच्याच बोलण्यातून आणि कागदपत्रांतून जे नाटक उभे राहते, त्याला डॉक्युमेंटरी नाटक म्हणतात. मुलाखती, पत्रे, सरकारी आदेश, दवाखान्याचे कागद ही त्याची सामग्री. न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरने जुलै २०२० मध्ये ऑनलाइन दाखवलेले ‘द लाइन’ असेच, कोरोनाशी झुंजणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींतून घडले.

आपल्याकडे जालना जिल्ह्यालाही वास्तवावरचे नाटक नवे नाही. माहिती अधिकाराच्या लढ्यावरचे ‘दलपतसिंग येती गावा’ (लेखक मकरंद साठे, दिग्दर्शक अतुल पेठे) जालन्याच्या कलाकारांनी गाजवले.

कोरोनाकाळातल्या घरच्या आजारपणावर असे नाटक करायचे, तर तपशील महत्त्वाचा. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर उतरत जाणारा आकडा, व्हिडिओ कॉलवर झालेली शेवटची भेट, अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा, माणसांविना उरकलेला दहावा. एरवी अख्खा गाव दारात येतो, भाऊबंद पिठलं-भाकरी धाडतात. त्या काळात तेही थांबले. हे सांगताना बोलणारा मध्येच गप्प होतो. ती शांतताही संहितेत नोंदवतात.

पथ्ये मात्र कडक हवीत. मुलाखतीआधी संमती, हवे तर नाव बदलण्याची मुभा आणि प्रयोगाआधी कुटुंबाला संहिता वाचून दाखवणे. रडू आणण्यासाठी पदरचे प्रसंग घालू नयेत. गावोगावच्या नाट्यमंडळींनी या आठवणी आताच टिपून ठेवाव्यात. सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत.