इमारतींची वस्त्रावरणे : भार, ऊष्मा आणि अवशेष

इमारतीच्या दर्शनी भिंतीपुढे काही अंतरावर ताणून बसविलेले कापड हे केवळ शोभेचे साधन नव्हे. दुबई येथील १९९९ साली खुल्या झालेल्या ‘बुर्ज अल अरब’ या इमारतीची एक संपूर्ण बाजू टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाची आहे. पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा लेप दिलेले कापड त्याहून स्वस्त आणि अधिक प्रचलित आहे. अशा आवरणांचा परिसरावर होणारा परिणाम कोणत्या निकषांनी तोलावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. उदाहरणादाखल टिटवाळ्याची परिस्थिती घेतली आहे. महागणपतीच्या मंदिरामुळे ख्यात असलेले हे काळूकाठचे गाव आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत असून तेथे बहुमजली वस्ती झपाट्याने वाढत आहे.

पहिला निकष भाराचा. लेपयुक्त कापडाचे वजन दर चौरस मीटरला साधारणतः एक किलो भरते. सहा मिलिमीटरच्या दुहेरी काचेचे तेच वजन तीस किलो होते, आणि नऊ इंची विटांच्या भिंतीचे चारशे किलोंहून अधिक. यावरून कापड सर्वांत निरुपद्रवी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो घाईचा ठरेल. एक तर कापड भिंतीची जागा घेत नाही. ते भिंतीच्या जोडीला येते. दुसरे असे की, ते ताणून धरण्यास धातूचा सांगाडा लागतो. कोळशाच्या विजेवर, खनिजापासून नव्याने काढलेल्या प्रत्येक किलो ॲल्युमिनियममागे दहा किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे कापड हलके असले तरी त्याचा सांगाडा हिशेबात जड पडू शकतो. वजनाची तुलना करताना कापड व सांगाडा ही एकत्रच मोजली पाहिजेत.

दुसरा निकष ऊष्म्याचा. खोलीच्या आत लावलेला पडदा ऊन अडवितो खरे. पण तोपर्यंत ऊष्मा काचेतून आत आलेला असतो. बाहेरचे कापड मात्र ऊन भिंतीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडविते, आणि तापलेली हवा मधल्या पोकळीतून वर निघून जाते. वातानुकूलनाची वीज वाचते ती यामुळे. परंतु हा लाभ चारही दिशांना सारखा नसतो. टिटवाळा सुमारे १९.३ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीस थोडेच ऊन लागते. खरा ताप होतो तो पश्चिमेच्या भिंतीस. सर्व बाजूंनी कापड गुंडाळणे म्हणजे तीन बाजूंचा खर्च बहुतांशी व्यर्थ घालविणे होय. शिवाय कोकणपट्टीच्या दमट हवेत वारा हाच मोठा दिलासा असतो. दाट विणीचे कापड तो अडविते. तेव्हा विरळ विणीची जाळी आणि उघडणाऱ्या खिडक्या यांची सांगड येथे घालावी लागेल.

तिसरा निकष अवशेषांचा. आणि आमच्या मते तोच निर्णायक आहे. पीव्हीसीलेपित कापडाचे आयुष्य साधारणतः पंधरा ते वीस वर्षे असते. साठ वर्षांच्या इमारतीस ते किमान तीनदा लागेल. जुन्याचे काय करावयाचे? इटलीतील फेरारा येथे टाकाऊ पीव्हीसी द्रावकात विरघळवून पुन्हा मिळविण्याचा कारखाना होता; तोही २०१८ मध्ये बंद पडला. जुन्या मालातील थॅलेट वर्गाच्या मृदुकारकांवर युरोपात आलेले निर्बंध ही त्याची एक मोठी अडचण होती. उन्हाने जीर्ण झालेल्या प्लास्टिकचे सूक्ष्म तुकडे पावसाच्या पाण्याबरोबर वाहतात. टिटवाळ्यात ते प्रथम काळूत, तेथून उल्हास नदीत आणि शेवटी खाडीत जातील. बांधकामांभोवतीच्या हिरव्या जाळ्या फाटून लोंबताना आपण पाहतोच; हाच प्रश्न तेथे लहान प्रमाणावर आजही उभा आहे.

कोकणात मातीच्या भिंती पावसाच्या झडीपासून राखण्यासाठी झावळ्यांचे विणलेले झाप बांधीत असत. हंगाम संपला की ते चुलीत वा खतात जात. टिकाऊपणात ते आजच्या कापडापुढे नगण्य होते. परंतु त्यांचा शेवट आरंभीच ठरलेला होता.

यावरून तीन गोष्टी सुचतात. आवरण मुख्यतः पश्चिमेस, आणि गरजेप्रमाणे पूर्वेस असावे. सांगाडा पुनर्वापरातील धातूचा व कापड बदलले तरी टिकणारा असावा. आणि जुने कापड परत घेण्याची जबाबदारी खरेदीच्या करारातच लिहिलेली असावी. ही तिसरी अट पाळली न गेल्यास पहिल्या दोहोंनी वाचविलेल्या विजेची किंमत पुढे नदीस चुकवावी लागेल.