चांद्याला न झालेला कारखाना

मुलचेऱ्याला निघालो होतो. आलापल्लीच्या रस्त्यावर सुरजागडचे लोहखनिज भरलेले ट्रक एकामागून एक समोरून येत होते. एस.टी.त शेजारी बसलेले म्हातारे गृहस्थ म्हणाले, ''सर, लोखंड आमच्या डोंगरात. मग कारखाना इतकी वर्षं दुसरीकडं कसा?''

प्रश्न जुना आहे. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ ह्या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडावरील अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल चालू होती. लोहाऱ्याला उत्तम खनिज, वरोऱ्याला दगडी कोळसा! आणखी काय हवे?

त्या काळचा विलायती कारखाना डोळ्यांपुढे आणा. मधोमध उंच मनोऱ्यासारखी झोतभट्टी, बाजूला हवा तापविण्याच्या शेगड्या, वाफेच्या भात्याचे घर, आणि पायथ्याशी वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यांत सोडण्याची लांबच लांब पडवी. वरून खनिज, चुनखडी आणि कोक ह्यांचे थर टाकायचे, खालून तापलेला वारा सोडायचा. बाहेरून ही नुसती इमारत दिसते. आतला भार मात्र कोक पेलतो. कोक म्हणजे हवा लागू न देता भाजून टणक केलेला कोळसा. एवढ्या ओझ्याखाली तो चुरडत नाही, म्हणूनच वारा वर चढतो. वरोऱ्याच्या कोळशाचा असा कोक होईना. त्यातून सरकारी खाणनियमही जाचक. ते सैल झाले १८९९ साली.

आपल्याकडचे कारागीर मातीच्या लहानशा भट्टीत लोखंड गाळीत. तिथे ओझे थोडे, लाकडी कोळसा पुरे. झोतभट्टीला तोच पुरवायचा तर सारे रान तोडावे लागले असते.

पुढे दोराबजी टाटा पुन्हा चांद्याकडे आले, पण कोकची अडचण सुटली नाही. नागपुरात काम सोडल्याचे कळवायला गेले असता वेळ काढण्यासाठी ते अजबबंगल्यात शिरले. तेथे प्रमथनाथ बोसांच्या नकाशावर त्यांना दल्ली-राजहऱ्याचे लोखंड दिसले. टाटांचा कारखाना अखेर झरियाच्या कोळशाजवळ, साकचीला झाला. १९१२ साली तिथे पोलाद निघाले. राजहऱ्याच्या खनिजावर १९५९ साली भिलाईची भट्टी पेटली. चांदा तसाच राहिला.

आता कोनसरीला कारखाना झाला आहे. हे सारे ऐकून म्हातारबुवा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ''नातू यंदा आय.टी.आय. झाला, सर. त्याचा बाप कामासाठी भिलाईला गेला होता. ह्याला तरी घरून डबा नेता यावा.''